डोक्याचा मुका मार

रक्त न येता, कातडी न फाटता जी दुखापत होते तिला आपण मुका मार म्हणतो. कऱ्हाडला माझ्या शाळकरी वयात कबड्डीच्या मैदानावर हा शब्द रोजच्या वापरातला होता. ज्याचा गुडघा फुटे त्याला बाजूला बसवून हळद लावली जाई. ज्याला मुका मार लागे त्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा उभे केले जाई. एकदा आमच्या संघातल्या एका मुलाला विरुद्ध संघाने पकडीत उचलले आणि तो डोक्यावर आपटला. त्याचे डोळे फिरले, कोणीतरी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला, तो उठून बसला, टाळ्या वाजल्या आणि पुढची चढाई करायला तोच गेला. त्या चढाईत एका गड्याला शिवल्यावर तो मधल्या रेषेकडे परतण्याऐवजी उलट दिशेला, विरुद्ध संघाच्या अंतिम रेषेकडे धावला. आम्ही सगळे हसलो. त्याला काय झाले होते हे मला समजले ते ३५ वर्षांनंतर, इंग्लंडमधल्या एका रग्बीच्या मैदानावर, माझा स्वतःचा मुलगा चुकीच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला तेव्हा.

गेली ११ वर्षे आम्ही इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका लहान गावात राहतो. इथे हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी गावातली निम्मी मुले रग्बीच्या मैदानावर असतात. अगदी लहान मुले कमरेला कापडी पट्ट्या लावून खेळतात, आणि नऊ वर्षांखालील गटापासून समोरच्याला अंगाला भिडून पाडणे, म्हणजे टॅकल, सुरू होते. हौशी क्लबात पगारी माणूस जवळपास नसतोच. आमच्या गटाचे प्रशिक्षक आठवडाभर सुतारकाम करतात, मैदानावर रेषा मारणारे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले आहेत, चहाचे टेबल पालक आळीपाळीने सांभाळतात आणि पंच बहुधा कोणाचे तरी वडील असतात. डॉक्टर नसतो. प्रथमोपचाराचा एका दिवसाचा अभ्यासक्रम केलेला एखादा पालक हिरवी पेटी घेऊन टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, उभा असतो, आणि त्याचे स्वतःचे मूलही त्याच सामन्यात खेळत असते. हौशी रग्बीतल्या डोक्याच्या दुखापतीविषयी जे काही बोलायचे ते या चित्रापासून सुरू करावे लागते असे माझे मत आहे, कारण दूरचित्रवाणीवर दिसणारी रग्बी आणि ही रग्बी यांचे नियम बहुतांशी एक असले तरी त्यांची टचलाइन एक नाही.

ती नोव्हेंबरमधली सकाळ होती आणि रात्रीच्या गारठ्याने मैदान कडक झाले होते. आमच्याकडे बरोबर १५ मुले होती. राखीव कोणी नव्हते. माझा मुलगा तेव्हा १४ वर्षांचा होता आणि फ्लँकरच्या जागी, म्हणजे ज्याने पूर्ण सामनाभर टॅकलच करत राहायचे अशा जागी, खेळत होता. दुसऱ्या सत्रात समोरून धावत येणाऱ्या एका थोराड मुलाला त्याने कमरेत धरले, पण आपले डोके त्याच्या पाठीमागच्या बाजूला न ठेवता पुढे ठेवले, आणि त्या मुलाच्या कमरेचे हाड त्याच्या कानशिलावर बसले. आवाज झाला नाही, रक्त आले नाही. दोन सेकंदांत तो उठलाही. प्रशिक्षकांनी लांबून विचारले, त्याने अंगठा वर केला, खेळ पुढे गेला. मग माझ्या लक्षात आले की तो खाली वाकून बुटाची नाडी सोडतो आहे आणि पुन्हा बांधतो आहे. नाडी आधीच घट्ट बांधलेली होती. त्यानंतर स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांनी खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करायचा प्रसंग, लागला तेव्हा तो सावकाश चालत गेला आणि निळ्या जर्सी घातलेल्या मुलांच्या रांगेत उभा राहिला. आमची जर्सी लाल आहे.

मला कऱ्हाडचा तो मुलगा त्याच क्षणी आठवला, आणि तरीही मी जवळजवळ ४ मिनिटे काहीही केले नाही. संघ १४ वर येईल, प्रशिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक कळते, पोरगा मित्रांसमोर ओशाळेल, आणि शेवटी तो धावतो तर आहेच, असे विचार माझ्या मनात एकामागून एक येत राहिले. टचलाइनवर उभ्या असलेल्या बहुतेक पालकांच्या मनात हेच विचार येतात हे मला पुढे अनेकांशी बोलल्यावर कळले. त्या ४ मिनिटांत त्याने आणखी एक टॅकल केले. त्यानंतर मी रेषा ओलांडून आत गेलो आणि त्याला हाताला धरून बाहेर आणले.

हिरवी पेटी सांभाळणाऱ्या बाईंनी खिशातून एक घडी घातलेले कार्ड काढले आणि त्याला पाच साधे प्रश्न विचारले: आपण आत्ता कोणत्या मैदानावर आहोत, पहिले सत्र चालू आहे की दुसरे, शेवटचे गुण कोणी मिळवले, मागचा सामना कोणाशी झाला, आणि तो आपण जिंकलो का. हे प्रश्न ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅडॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रश्नावलीतून आलेले आहेत. ‘तुझे नाव काय, आज वार कोणता’ असे आपण सहज विचारतो. मॅडॉक्स यांचे म्हणणे असे होते की अशा पाठ झालेल्या गोष्टी हादरलेला मेंदूही सांगू शकतो, अडखळतो तो नुकत्याच घडलेल्या गोष्टींवर. माझ्या मुलाने मैदानाचे नाव बरोबर सांगितले. सत्र त्याला सांगता आले नाही. मागचा सामना म्हणून त्याने आदल्या वर्षीच्या एका सामन्याचे नाव घेतले. गाडीत त्याची आई त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून बसली होती, आणि तो मला पुढच्या १० मिनिटांत तीन वेळा विचारत होता, “बाबा, आई कुठे आहे?”

वाटेत त्याला दोनदा उलटी झाल्यामुळे आम्ही रुग्णालयात गेलो. तिथे त्याला ४ तास देखरेखीखाली ठेवले, आणि लक्षणे वाढत नाहीत असे पाहून घरी सोडले. कऱ्हाडला आईला फोन केला तेव्हा तिने पहिल्या दमात विचारले, “उलटी झाली का रे? त्याला झोपू देऊ नकोस हं.” तिचा पहिला प्रश्न अचूक होता. दुसऱ्या सूचनेबद्दल मी परिचारिकेला विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की तपासणी झाल्यानंतर त्याने झोपायला हरकत नाही, मेंदूला विश्रांती हवीच असते. मात्र पहिले २४ तास त्याला घरात एकटे ठेवू नये. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी, झटके येणे, गुंगी किंवा गोंधळ वाढत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता परत आणायचे असे त्यांनी आम्हा दोघांकडून वदवून घेतले.

इंग्रजीत ज्याला कन्कशन म्हणतात तो हा मेंदूला बसलेला हादरा आहे. कवटीच्या आत द्रवाच्या आवरणात असलेला मेंदू अतिशय मऊ असतो. डोके एकाएकी थांबले किंवा झटक्याने फिरले की तो आतल्या आत ढवळला जातो, आणि त्याच्यातले मज्जातंतूंचे लांब धागे ताणले जातात. त्यासाठी डोक्यालाच मार बसला पाहिजे असेही नाही. छातीवर बसलेल्या धडकेने मान हिसडली तरी पुरते. ताणलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, आणि हा तोल पुन्हा साधण्यासाठी पेशींना एकदम जास्त साखर लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. ही ओढाताण काही दिवस, कधी काही आठवडे चालते. सीटी स्कॅनमध्ये यातले काहीही दिसत नाही, कारण स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची चीर दाखवतो, पेशींची उपासमार दाखवत नाही. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आला, काही झालेले नाही’ हे वाक्य जितक्या वेळा ऐकतो तितक्या वेळा मला भीती वाटते. दुसरा तितकाच खोलवर रुजलेला गैरसमज बेशुद्धीचा आहे. हादरा बसलेल्या दहा खेळाडूंपैकी नऊ जण शुद्धीतच असतात.

यावरून मला जे सांगायचे आहे ते इतकेच आहे: खेळाडूला विचारू नये. गुडघा मुरगळला तर गुडघ्याविषयीचा निर्णय शाबूत असलेला मेंदू घेतो. इथे ज्या अवयवाला दुखापत झाली आहे त्यालाच आपण ‘तू ठीक आहेस का’ असे विचारतो आणि त्याने दिलेल्या उत्तरावर विश्वास ठेवतो. त्यात त्या वयाची भर पडते. १४ वर्षांच्या मुलाला मैदान सोडणे म्हणजे मित्रांना सोडून पळणे वाटते, त्यामुळे मेंदू ताळ्यावर असला तरीही तो खरे सांगेलच असे नाही. माझ्या मुलाने तीन आठवड्यांनंतर मला सांगितले की त्या सामन्याच्या पाच दिवस आधी सरावातही त्याला डोक्याला लागले होते आणि तेव्हापासून त्याचे डोके दुखत होते. ही गोष्ट त्याच्या दोन मित्रांना ठाऊक होती.

मित्रांना ठाऊक असणे आणि घरी ठाऊक नसणे ही बाब या विषयात पुन्हा पुन्हा भेटते. कॅनडात ओटावा इथे रोवन स्ट्रिंगर नावाची १७ वर्षांची मुलगी आपल्या शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये एका आठवड्याच्या आत तिच्या डोक्याला तीनदा मार बसला. आपल्याला कन्कशन झाले असावे अशी शंका तिने मैत्रिणीला संदेशातून कळवली होती, इंटरनेटवर त्याची लक्षणेही शोधली होती. आईवडिलांना किंवा प्रशिक्षकांना मात्र ती काही बोलली नाही. शेवटच्या सामन्यात ती कोसळली आणि चार दिवसांनी गेली. २०१५ मध्ये तिच्या मृत्यूची न्यायिक चौकशी झाली, ज्यूरीने ४९ शिफारशी केल्या, आणि त्यांतून ओंटारिओ प्रांतात २०१८ मध्ये तिच्याच नावाचा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे शंका येताच खेळाडूला बाहेर काढणे आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय परत न घेणे बंधनकारक आहे, आणि खेळाडू, पालक व प्रशिक्षक यांनी दरवर्षी याविषयीची माहिती वाचणेही. सप्टेंबरमधला शेवटचा बुधवार तिथे तिच्या नावाने पाळला जातो.

तिच्या आधी दोन वर्षे, जानेवारी २०११ मध्ये, उत्तर आयर्लंडमध्ये बेन रॉबिन्सन हा १४ वर्षांचा मुलगा शालेय सामन्यात खेळत होता. सामन्यात त्याला एकाहून अधिक वेळा जबर धडक बसली, मैदानावरच त्याला पाहिले गेले आणि तो खेळत राहिला. अखेरच्या मिनिटांत तो कोसळला आणि त्यातून उठला नाही. २०१३ मध्ये न्यायिक चौकशीने मृत्यूचे कारण दिले ते दुसऱ्या आघाताचे: पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरण्याआधीच दुसरा बसतो, मेंदूतल्या रक्तप्रवाहावरचे नियंत्रण सुटते आणि मेंदू झपाट्याने सुजतो. हे विरळा घडते, पण ज्या नोंदी आहेत त्या बहुतांशी किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंच्या आहेत. बेनच्या आईवडिलांनी त्यानंतर वर्षानुवर्षे हा विषय लावून धरला. २०१५ मध्ये स्कॉटलंडने सर्व खेळांसाठी एकच मार्गदर्शिका काढली, आणि एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या सरकारने हौशी पातळीवरच्या सगळ्या खेळांसाठी तशीच काढली. दोन्हींचे सूत्र एकच आहे, शंका आली की बाहेर बसवा. माझ्या मुलाने त्या ४ मिनिटांत केलेले ते एक टॅकल मला रात्री झोपताना अजूनही दिसते, ते बेनची हकीकत वाचल्यापासून.

दूरचित्रवाणीवरच्या रग्बीने हौशी मैदानाला या बाबतीत चुकीचा धडा दिला आहे असे मला वाटते, आणि त्यात कोणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. २०१२ मध्ये व्यावसायिक सामन्यांत शंका आलेल्या खेळाडूला ५ मिनिटे बाहेर नेऊन तपासण्याची पद्धत सुरू झाली. ही मुदत पुढे वाढवून १० मिनिटे केली गेली. या पद्धतीला विरोध म्हणून बॅरी ओ’ड्रिस्कॉल या डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाच्या वैद्यकीय समितीचा राजीनामा दिला होता. आज त्या तपासणीमागे प्रशिक्षित डॉक्टर असतात, प्रत्येक खेळाडूच्या हंगामापूर्वीच्या चाचणीचे आकडे असतात, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले चित्रण असते, अलीकडे तर धडकेचा जोर मोजणारे माउथगार्डही असतात. एवढे असूनही चुका होतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये वेल्सचा जॉर्ज नॉर्थ इंग्लंडविरुद्ध दोनदा डोक्याला मार खाऊन खेळत राहिला, आणि तो मैदानावर राहायला नको होता हे नंतर मान्य करावे लागले. आमच्या मुलांना यातले एकच दृश्य दिसते: आवडता खेळाडू डोके धरून बाहेर जातो आणि काही मिनिटांनी टाळ्यांच्या गजरात परत येतो. हौशी रग्बीत अशी तपासणी नाही, आणि नियमाप्रमाणेही नाही. इथे शंका आली की तो खेळाडू त्या दिवसापुरता संपला. हातातल्या कार्डावरचे पाच प्रश्न त्याला परत पाठवण्यासाठी नसतात. सगळी उत्तरे बरोबर आली तरीही तो बाहेरच राहतो. हा फरक पालकांना, आणि कित्येकदा प्रशिक्षकांनाही, माहीत नसतो.

ब्रिटनच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यायची आणि मोबाइलचा पडदा शक्य तितका टाळायचा, मग शाळा आणि हलका व्यायाम हळूहळू वाढवायचा. कोणतेही लक्षण नसलेले १४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय अंगाला भिडण्याचा सराव करायचा नाही, आणि दुखापतीपासून २१ दिवस होण्याआधी कोणत्याही परिस्थितीत सामना खेळायचा नाही. कागदावर हे सोपे दिसते. आमच्या घरी नवव्या दिवशी मुलगा म्हणाला की डोके दुखायचे पूर्ण थांबले, आणि त्याच संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली डोळे अर्धे मिटून जेवत होता. शाळेत त्याला गणिताचे एकच उदाहरण चार-चार वेळा वाचावे लागत होते. चिडचिड इतकी वाढली होती की धाकटी बहीण त्याच्या खोलीत जायला घाबरत होती. ही सगळी लक्षणेच आहेत आणि ती असेपर्यंत १४ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, हे मला त्याच्यापेक्षा अधिक माझ्या मित्रमंडळींना समजावून सांगावे लागले. तो परत खेळला तो ३७ व्या दिवशी.

हादरे बसतात कुठे, याचे उत्तर आता बरेच स्पष्ट आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यावसायिक सामन्यांच्या एका मोठ्या अभ्यासात डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर जावे लागलेल्या ६११ प्रसंगांपैकी ७६ टक्के प्रसंग टॅकलमध्ये घडले होते, आणि त्यांतले ७० टक्क्यांहून अधिक प्रसंग चेंडू घेऊन धावणाऱ्याचे नव्हे तर त्याला पाडणाऱ्याचे होते. ताठ उभे राहून केलेल्या टॅकलमध्ये डोक्याशी डोके किंवा खांदा आपटण्याचा धोका वाढतो, म्हणून फ्रान्सने तरुण खेळाडूंच्या मृत्यूंनंतर २०१९ च्या हंगामापासून हौशी सामन्यांत कमरेच्या वर टॅकल करण्यास आणि एकाच वेळी दोघांनी मिळून धरण्यास बंदी घातली. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये कमरेचाच नियम एकाएकी जाहीर केला, तेव्हा हौशी खेळाडूंमध्ये इतका क्षोभ उसळला की संघटनेला माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत अशी मर्यादा ठरली. आमच्या क्लबातले जुने खेळाडू तेव्हा म्हणत होते की खाली वाकल्यावर गुडघा डोक्यात बसेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझ्या मुलाला झालेली दुखापत खालच्या टॅकलमध्येच झाली. पण त्याचे कारण उंची हे नव्हते, डोके चुकीच्या बाजूला होते हे होते, आणि ते शिकवायला वेळ लागतो. आमचे प्रशिक्षक आता प्रत्येक सरावात १५ मिनिटे मुलांना गुडघ्यांवर बसवून, मग चालत, मग हळू धावत, डोके धावणाऱ्याच्या पाठीमागे कसे सरकवायचे एवढेच करून घेतात.

त्याचबरोबर मान बळकट करणारे व्यायाम आहेत. इंग्लंडमधल्या ४० शाळांत केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तोल, मान आणि धड यांवर भर देणारा ठरावीक पूर्वव्यायाम आठवड्यातून किमान ३ वेळा करणाऱ्या संघांत कन्कशनचे प्रमाण ५९ टक्क्यांनी कमी होते. त्याला एक पैसा लागत नाही. याउलट डोक्यावरची मऊ स्क्रम-कॅप पालक आवर्जून विकत घेतात. ती कान आणि कातडी सांभाळते, मेंदूचे ढवळणे थांबवू शकत नाही. माउथगार्ड दातांसाठी आवश्यक आहे, मेंदूसाठी नाही.

दूरच्या परिणामांविषयी लिहिताना मला सावध राहायचे आहे. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातील स्टीव्ह थॉम्प्सन यांनी डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे आणि तो अंतिम सामना जिंकल्याचे आठवत नसल्याचे सांगितले, तेव्हा इथे प्रत्येक क्लबात त्यावरच बोलणे चालले होते. २०२२ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडकडून खेळलेल्या ४१२ माजी खेळाडूंची तुलना सर्वसामान्य पुरुषांशी केली आणि मेंदू झिजवणाऱ्या आजारांचा धोका सुमारे अडीच पट आढळला. पण हे सर्वोच्च पातळीवरचे खेळाडू झाले, आपल्याला काय, असे म्हणणाऱ्यांनी २०२३ मधला आणखी एक अभ्यास पाहावा. त्यात मृत्यूनंतर दान केलेल्या ३१ माजी रग्बी खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी झाली. २१ मेंदूंत वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा सीटीई हा आजार होता, आणि त्या ३१ पैकी २३ जण केवळ हौशी पातळीवर खेळलेले होते. ज्यांना किंवा ज्यांच्या कुटुंबाला आधीच काही शंका होती त्यांचेच मेंदू बहुधा दान होतात, त्यामुळे दर तिघांत दोन हौशी खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ यातून मुळीच काढता येत नाही. मात्र खेळलेल्या वर्षांबरोबर धोका वाढत गेला, आणि प्रत्येक वाढीव वर्षामागे तो १४ टक्क्यांनी वाढला, ही बाब मला आकड्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण मोजणी कन्कशनची नसून वर्षांची होती. म्हणजे सरावातल्या, कोणाच्या लक्षातही न आलेल्या लहान धक्क्यांचाही हिशेब कुठेतरी राहत असावा. आमच्या क्लबाने त्यानंतर अंगाला भिडण्याचा सराव आठवड्यातून एका संध्याकाळपुरता ठेवला.

हे मी मराठीत लिहितो त्याचे एक कारण असे की महाराष्ट्रातही रग्बी वाढते आहे. तिचे आपल्या देशाशी नाते जुने आहे. कलकत्त्याचा क्लब १८७८ मध्ये बंद करताना बँकेतले चांदीचे रुपये वितळवून घडवलेल्या करंडकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात, आणि मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात रग्बी खेळण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, आणि ती पाहून माझ्या भावाच्या मुलीने शाळेत रग्बीसाठी नाव दिले. त्याने मला फोनवर विचारले, “दादा, आपल्याकडे पावसाने जमीन मऊ असते, मग एवढी भीती कशाला?” जमीन मऊ असली तर हाडे वाचतात, पण मान हिसडण्यासाठी जमीन लागतच नाही, एवढे मी त्याला सांगितले. मुलींना हा हादरा बसण्याचे प्रमाण सारख्याच खेळांत मुलांपेक्षा अधिक आढळते, हेही सांगितले. तिने खेळू नये असे माझे म्हणणे नाही. माझा मुलगा अजून खेळतो आणि या खेळाने त्याला जे मित्र दिले ते मी दुसरीकडून कुठूनही आणू शकलो नसतो. तिच्या मैदानावर ते पाच प्रश्न कोणाच्या खिशात आहेत, आणि तिला बाहेर बोलावण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, हे भावाने पहिल्याच आठवड्यात जाऊन विचारावे एवढीच माझी विनंती होती.

हा अधिकाराचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडमध्ये हौशी सामन्यांतल्या पंचांकडे निळे कार्ड असते. शंका आली की पंच ते दाखवतो, खेळाडू बाहेर जातो, आणि डॉक्टरने पाहिल्याशिवाय परत येऊ शकत नाही. त्यामुळे वाद प्रशिक्षक आणि पालक यांच्यात होत नाही. आमच्याकडे तसे कार्ड नाही. गेल्या हंगामापासून हिरवी पेटी माझ्याकडे आहे, आणि फेब्रुवारीत मी दुसऱ्या एका मुलाला बाहेर काढले तेव्हा त्याचे वडील माझ्या तोंडापाशी येऊन ओरडत होते की त्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली आहेत. त्याने खरोखरच दिली होती. पण धडक बसल्यावर तो जमिनीवर हात टेकून उठताना एका बाजूला झुकला होता, आणि ते मी पाहिले होते. तो मुलगा बाहेर राहिला, सामना आम्ही हरलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वडिलांचा फोन आला की मुलाला वर्गात भोवळ आली म्हणून शाळेतून घरी आणले आहे.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट सुरू केली आहे. सामन्याआधी प्रशिक्षक मुलांच्या जोड्या लावतात आणि प्रत्येकाला सांगतात की आज तुझ्या जोडीदाराच्या डोक्यावर लक्ष ठेवणे हे तुझे काम आहे. तो वेगळा वागला तर हात वर करायचा, कोणाला काही सांगत बसायचे नाही, आम्ही आत येऊ. स्वतःचे दुखणे लपवणारी ही मुले दुसऱ्याचे लपवणार नाहीत असा आमचा अंदाज होता. पहिले दोन महिने एकही हात वर झाला नाही. मागच्या रविवारी, पहिले सत्र संपायला थोडा वेळ असताना, माझ्या मुलाने रकमधून, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झुंबडीतून, उठता उठता हात वर केला आणि दुसऱ्या हाताने आमच्या स्क्रम-हाफच्या जागी खेळणाऱ्या मुलाकडे बोट दाखवले. तो मुलगा मान हलवून नाही नाही म्हणत होता. पंचांनी शिट्टी वाजवली आणि मी पेटी उचलून आत गेलो.